बाकावरचा दिलीप

मोबाइलवरच्या बेसबॉलच्या खेळात खेळाडूंना आपण हवी ती नावं देऊ शकतो. माझ्या सगळ्यात तगड्या फलंदाजाचं नाव मी दिलीप ठेवलंय आणि त्याला कायम राखीव बाकावर बसवलंय. सामना हातचा गेला तरी चालेल, बदली म्हणून दुसराच कुणीतरी उतरतो.

खरा दिलीप आमच्या कॉलेजच्या क्रिकेट संघाचा कप्तान. दर वेळी पाठीवर थाप मारून "पुढच्या मॅचला नक्की" म्हणायचा आणि माझ्या हातात पाण्याच्या बाटल्या द्यायचा. राग विरतो म्हणतात. कसला विरतोय! तोही बाकावर बसून आपल्या पाळीची वाट बघत असतो.

काल दिलीप घरी आला. स्क्रीनवर स्वतःचं नाव बघून हरखला.

"अरे, मला उतरव की!"

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "पुढच्या मॅचला नक्की."