ऐंशीव्या पानावरची शिफारस

आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंना एक व्यसन आहे आणि ते त्यांनी कधी लपवलेलं नाही. बारा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या त्या वाचतात. स्वतः बाई पन्नाशी ओलांडून बऱ्याच पुढं आल्या आहेत, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, चष्मा दर वर्षी जाड होतो. पण हातातल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बहुतेक वेळा एक पोर कुठून तरी पळून जात असतं.

मोठ्या माणसांच्या कादंबऱ्या त्यांनी वाचून पाहिल्या आहेत. "त्यांत माणसं पन्नास पन्नास पानं खिडकीतून बाहेर बघत बसतात," हे त्यांचं मत. "चौदा वर्षांच्या पोराला तेवढी सवड नसते. त्याला शनिवारच्या आत काहीतरी करावंच लागतं."

हे सगळं सुरू झालं ते एका जप्तीपासून. नववीच्या वर्गात बाई वारे शिकवत होत्या आणि मागच्या बाकावरची एक मुलगी नकाशाच्या वहीआड कादंबरी वाचत होती. बाईंनी पुस्तक काढून घेतलं. त्या दुपारी त्यांना चाचणीचे पेपर तपासायचे होते. पेपर तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी ती मुलगी स्टाफरूमच्या दाराशी रडवेल्या चेहऱ्यानं उभी राहिली, तेव्हा बाईंनी पुस्तक तिच्या हातात दिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "याचा दुसरा भाग आहे का गं तुझ्याकडे?"

नुसत्या वाचण्यावर भागलं असतं तर कोणाची तक्रार नव्हती. पण बाईंना शिफारस केल्याशिवाय राहवत नाही. दाताच्या डॉक्टरांकडे तोंडात यंत्र असताना त्यांनी हातवारे करून एका कादंबरीचं कथानक सांगितलं, आणि डॉक्टरांनी ते समजल्यासारखं दाखवून दाढ काढून टाकली. त्यांच्या नणंदेनं एकदा साधा निरोप पाठवला की गुडघा दुखतोय. वहिनीकडून मलम येईल अशी तिची समजूत होती, आली ती कुबडी घेऊन डोंगर चढणाऱ्या मुलीची गोष्ट. आमच्या पीटीच्या सरांना त्यांनी एक पुस्तक दिलं, ज्यात सगळ्यांत जोरात पळणारा मुलगा एके दिवशी पळायचं थांबवतो. सरांनी ते वाचलं. त्यानंतर आठवडाभर आठवीचा वर्ग मैदानावर नुसता चालत होता.

"सर, मुलं पळत का नाहीत?" असं कोणी तरी विचारलं.

"विचार करतायत," सर म्हणाले.

बाईंच्या शिफारशीची एक खास पद्धत आहे. पुस्तक संपवून त्या कधीच शिफारस करत नाहीत. ऐंशीव्या पानाच्या आसपास त्यांचा आनंद पोटात मावेनासा होतो आणि तिथंच त्या पुस्तक कोणाला तरी देऊन टाकतात. "पुस्तक संपलं की माणूस शहाणा होतो," त्या म्हणतात. "मग त्याला दोष दिसतात, शेवट पटत नाही, भाषेबद्दल बोलावंसं वाटतं. शहाण्या माणसानं सांगितलेलं पुस्तक कोण वाचतं?" आता पुस्तक दिलं की आपण वाचायचं कशातून? म्हणून त्या प्रत्येक कादंबरीच्या दोन प्रती घेतात. पुस्तकवाल्याची समजूत अशी की घरी जुळी मुलं आहेत. "काय, जुळी कितवीत?" असं तो विचारतो आणि बाई "नववीत" म्हणतात. त्या जुळ्यांची नववी गेली कित्येक वर्षं सुटलेली नाही, पण पुस्तकवाला भला माणूस आहे, तो त्या विषयात शिरत नाही.

बाईंना एकच गोष्ट मनापासून जपायची होती: शुक्रवारचा शेवटचा तास. वेळापत्रकात त्याचं नाव 'वाचन' असं होतं आणि तो नववीला होता. बाई आधी चार-पाच पानं मोठ्यानं वाचत, नेमक्या जागी थांबत, आणि मग ज्याला हवं त्यानं हवं ते पुस्तक घेऊन हवं तिथं बसावं. खिडकीच्या कट्ट्यावर, बाकाखाली, कपाटाला टेकून. त्या तासात वर्गावरून गेलं तर आत कोणी आहे असं वाटायचं नाही.

असंच एकदा मोठ्या बाई वर्गावरून गेल्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. दुसऱ्या शाळेतून येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. रसायनशास्त्राच्या, शिस्तीच्या, कागद टेबलाच्या कडेला समांतर ठेवणाऱ्या. त्यांनी आत पाहिलं, बाकाखालून बाहेर आलेले पाय पाहिले, आणि सोमवारी बाईंना म्हणाल्या, "नववीचं गणित घसरलंय. पुढच्या सत्रापासून शुक्रवारचा शेवटचा तास मी गणिताच्या सरावाला देतेय. तुमची काही हरकत?"

"विचार करून सांगते," बाई म्हणाल्या.

स्टाफरूममध्ये आम्ही सगळ्यांनी सल्ले दिले. अर्ज करा, पालकांना बोलवा, आजारी पडा. बाईंनी त्यातलं काही केलं नाही. त्यांनी पुस्तक द्यायचं ठरवलं.

त्या वेळी त्या एका शाळेवरची कादंबरी वाचत होत्या. त्यातली मुख्याध्यापिका फारच गोड होती. प्रत्येक मुलाचं नाव तिला पाठ, खिशात खडूबरोबर मांजरासाठी बिस्किटं, कोणी उशिरा आलं तर ती त्याला आधी पाणी द्यायची आणि मग कारण विचारायची. बाई ऐंशीव्या पानावर पोचल्या आणि दुसरी प्रत घेऊन थेट ऑफिसात गेल्या.

"मोठ्या बाई, हे वाचाच तुम्ही. यातल्या मुख्याध्यापिकेत मला तुम्ही दिसता. अगदी हुबेहूब."

मोठ्या बाईंना असं यापूर्वी कोणी म्हटलेलं नसावं. त्यांनी पुस्तक घेतलं आणि टेबलाच्या कडेला समांतर ठेवलं.

त्या संध्याकाळी बाईंचे मिस्टर स्वयंपाकघरात ताटं पुसत होते. ते विमा कचेरीत आहेत, आणि घरात नवीन यंत्र आलं की त्याची माहितीपुस्तिका सोडून दुसरं काही वाचत नाहीत. बाई पुस्तक छातीशी धरून आत आल्या.

"अहो, ती दुष्ट निघाली."

"कोण?"

"मुख्याध्यापिका."

"हे तू ती आल्यापासून सांगतेयस."

"ती नव्हे हो. पुस्तकातली. सगळं नाटक होतं. ग्रंथालयाला कुलूप लावलं तिनं, पुस्तकं रद्दीत घातली, मांजराला हाकललं. शेवटी तिची बदली होते आणि सगळी शाळा उभी राहून टाळ्या वाजवते."

"बरं झालं की मग."

"मी आमच्या मोठ्या बाईंना सांगून आलेय की ही म्हणजे हुबेहूब तुम्ही."

मिस्टरांनी ताट रॅकमध्ये उभं केलं. "तुझं हे नेहमीचं. कुकरची शिट्टी व्हायच्या आत वाढायला घेतेस." मग थोड्या वेळानं म्हणाले, "कितव्या पानावर आहेत त्या?"

प्रश्न बरोबर होता. दुसऱ्या दिवसापासून आमच्या स्टाफरूमला दुसरा विषय उरला नाही. बाई सकाळीच ऑफिसात जाऊन म्हणाल्या की त्या प्रतीत पानं मागंपुढं लागली आहेत असं पुस्तकवाला सांगत होता, बदलून आणते. मोठ्या बाईंनी पुस्तक उचललं, पहिल्यापासून शेवटापर्यंत पानं बघितली आणि सांगितलं, "सगळी जागच्या जागी आहेत."

मग पीटीचे सर गेले. "मोठ्या बाई, ते पुस्तक मला जरा तातडीनं हवं होतं."

"पुस्तक तातडीनं?"

"मैदानासाठी," सर म्हणाले आणि परत आले. आपण असं का म्हणालो हे त्यांना अजूनही सांगता येत नाही.

शेवटी सगळा भरवसा शाळेच्या शिपाईमामांवर. मोठ्या बाई शाळा सुटल्यावर ऑफिसातच वाचत बसायच्या आणि खूण म्हणून पुस्तकात प्लास्टिकची फूटपट्टी घालायच्या. मामा चहाचा कप आणायला आत जात आणि बाहेर येऊन बातमी देत.

"पट्टी मध्यावर आलीय."

"चेहरा कसा आहे?" बाई विचारत.

"चेहरा नेहमीचाच. पण बाई, त्या लाल पेन घेऊन वाचतायत."

लाल पेन ऐकल्यावर बाई खाली बसल्या. त्या दिवशी त्यांनी नववीला समुद्रप्रवाह उलट्या दिशेनं शिकवले, आणि मुलांनीही ते तसेच उतरवून घेतले.

"जाऊन सांगून टाका ना सरळ, की मी अर्धंच वाचलं होतं," मी म्हटलं.

"आणि गणिताला तास माझ्या हातानंच देऊन येऊ?" बाई म्हणाल्या. "आत्ता निदान त्या वाचतायत. कोणी वाचत असताना मध्ये बोलू नये."

मग एका दुपारी बोलावणं आलं. बाई गेल्या, आणि पुढचं सगळं त्यांनी नंतर स्टाफरूममध्ये इतक्या वेळा सांगितलं की आता आम्हालाही पाठ आहे.

टेबलावर एका बाजूला पुढच्या सत्राचं वेळापत्रक होतं, पेन्सिलीनं केलेलं. शुक्रवारच्या शेवटच्या चौकोनात 'गणित' लिहिलेलं बाईंना उलट्या बाजूनंही वाचता आलं. दुसऱ्या बाजूला पुस्तक. त्यात फूटपट्टी नव्हती.

"बसा. तुम्हाला मी हिच्यात दिसते."

"ऐंशीव्या पानापर्यंत," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तोवर मी तेवढंच वाचलं होतं."

"पुस्तक अर्धवट वाचून देता तुम्ही?"

"हो. नेहमीच. पूर्ण वाचलं की देण्याची घाई उरत नाही."

मोठ्या बाईंनी पुस्तक उघडलं. समासात लाल पेनानं बारीक अक्षरात बरंच काही लिहिलेलं होतं. "मला एक सांगा. हिनं ग्रंथालयाला कुलूप का लावलं?"

"मुलांनी वाचू नये म्हणून."

"कुठं लिहिलंय तसं? हे बघा. छताचा गिलावा पडतोय. लेखकानंच लिहिलंय, आणि पुढच्या पानावर विसरून गेलाय. उद्या एखाद्या मुलाच्या डोक्यात पडला असता तर पालक कोणाच्या ऑफिसात आले असते? त्या भिंतीवरून उड्या मारणाऱ्या नायकाच्या?"

"पण पुस्तकं रद्दीत घातली हो."

"वाळवी लागली होती. एका कपाटाची वाळवी दुसऱ्या कपाटात जाते. तुम्ही भूगोल शिकवता, तुम्हाला हे कळायला हवं."

वाळवीचा भूगोलाशी काय संबंध ते बाईंना कळलं नाही, पण एव्हाना त्या वेळापत्रक विसरल्या होत्या. खुर्ची पुढं ओढून त्या म्हणाल्या, "बरं, गिलावा मान्य. वाळवी मान्य. मांजर? मांजरानं काय केलं होतं?"

मोठ्या बाईंनी लाल पेन उचललं आणि पुन्हा टेबलाच्या कडेला समांतर ठेवलं.

"मांजराचं मात्र चुकलं तिचं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पुस्तक मिटलं. "एवढं जाडजूड पुस्तक. त्यात प्रत्येकाला बोलायला मिळतं. माळ्याला मिळतं, डबेवालीला मिळतं. हिला एकदाही कोणी विचारत नाही की बाई, तुमचं काय म्हणणं आहे. सरळ बदली, आणि टाळ्या." मग विचारलं, "मुलांनी वाचलंय का हे?"

"माझी प्रत नववीत फिरतेय. बऱ्याच जणांचं झालंय."

"काय म्हणतात?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. "टाळ्यांचं प्रकरण त्यांना फार आवडलं," त्या म्हणाल्या.

"हं." मोठ्या बाईंनी वेळापत्रक पुढं ओढलं, खोडरबर घेतलं आणि शुक्रवारच्या शेवटच्या चौकोनातलं गणित पुसलं. पुसल्यावर कागदावरचे कण फुंकले. "गणित सोमवारी बसवते, प्रार्थनेनंतर. शुक्रवारी मी येते तुमच्या तासाला. मुलांशी बोलायचंय मला."

"कशाबद्दल?"

"हिच्याबद्दल. हे असं सोडून चालणार नाही."

त्या शुक्रवारी नववीच्या वर्गात बाकाखाली कोणी गेलं नाही. मोठ्या बाईंनी टेबलापाशी उभं राहून त्या मुख्याध्यापिकेची बाजू मांडली: गिलावा, वाळवी, इमारतीचं वय, पालकांचे स्वभाव. मुलं पहिल्यांदा घाबरून ऐकत होती. मग दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली.

"मोठ्या बाई, पण तिनं मुलांना सांगायचं होतं ना की छत पडतंय. न सांगता कुलूप लावलं तर मुलांना काय वाटणार?"

"मुलांना सगळंच सांगायचं नसतं."

"मग मुलं टाळ्याच वाजवणार."

मागून कोणी तरी हसलं. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुस्तक उघडून समासातलं लाल अक्षर पाहिलं, उत्तर तिथं सापडलं नाही, मग खुर्ची ओढून बसल्या. "हा मुद्दा मी धरला नव्हता," त्या म्हणाल्या. "बोल पुढं."

मुलगी बोलली. तिच्या शेजारची बोलली. मांजराच्या बाजूनं तिघं एकदम बोलले. भूगोलाच्या बाई शेवटच्या बाकावर दोन पोरींच्या मध्ये अंग चोरून बसल्या होत्या आणि मधूनमधून हात वर करत होत्या. त्यांना कोणी बोलू दिलं नाही. घंटा झाली तेव्हा मोठ्या बाई वाक्याच्या मध्यावर होत्या, म्हणून कोणी उठलं नाही. वाक्य संपल्यावरही उठलं नाही, कारण ते कोणालाच पटलं नव्हतं.

"पुढच्या शुक्रवारी," मोठ्या बाई म्हणाल्या आणि लाल पेनाचं टोपण लावलं.