कोरी बशी

प्रयोगशाळेत तिला सगळे काढेबाई म्हणत. औषधी पाला सावलीत वाळवायचा, कुटायचा, स्पिरिटमध्ये भिजत घालायचा, गाळायचा, स्पिरिट उडवून टाकायचं आणि उरलेला अर्क काचेच्या बशीतल्या आजारी पेशींवर घालून बघायचा, यात तिचं उभं आयुष्य गेलं. प्रत्येक बशीशेजारी एक कोरी बशी असे: पेशी त्याच, स्पिरिटही तेच, फक्त पाला नाही.

तिच्या थोरल्या भावाच्या पोटात कॅन्सरची गाठ निघाली. इंजेक्शनांनी तो पार खंगला, तरी नेमानं ती घ्यायला जात होता. आई जिवंत असताना कसलाही आजार झाला की अंगणातला कडू पाला वाटून पाजायची. तेव्हा हाच हसायचा, "पाल्यानं रोग गेले असते तर शेळ्या कधी मेल्याच नसत्या!"

काढेबाईनं तोच पाला तपासायला घेतला. सकाळी भिंगातून पाहते तर गाठीच्या पेशी साफ मेलेल्या. बाई हुरळली. कोरी बशी बघायची राहिली होती, पण दम कुठला निघायला? तिनं फोन लावला.

"दादा, आईचा पाला लागू पडला रे! मी डोळ्यांनी पाहिलं!"

मग तिनं कोरी बशी भिंगाखाली ठेवली. तिच्यातल्याही पेशी मेलेल्या. स्पिरिट नीट उडालंच नव्हतं, त्यानंच दोन्हीकडे घात केला होता.

ती धावत भावाच्या घरी गेली. तोवर इंजेक्शनाला नकार कळवून तो पाला वाटून प्यायला होता. ती रडली, पाया पडली. प्रयोग पुन्हा नीट केला. पाल्यात काही म्हणजे काही नव्हतं. वहिनीनंही समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

"डॉक्टरांनी तुला दटावलं असेल," तो म्हणायचा. "आधी बोललीस तेच खरं."

इंजेक्शनांनी तो वाचला असता का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं आणि तेच तिला आतून पोखरत होतं. तो अंथरुणाला खिळला, गिळणंही जड झालं, तरी पाल्याचा रस सोडेना.

"दादा, आईला तू जन्मभर हसलास," ती एकदा कळवळून म्हणाली. "मग आत्ताच का रे विश्वास ठेवलास तिच्या पाल्यावर?"

त्यानं तिचा हात हातात घेतला.

"पाल्यावर कुठे ठेवला, वेडे? तुझ्यावर ठेवला."