केरू

शेजारच्या बाळंतिणीच्या घरातून ओव्याच्या धुरीचा वास आला आणि मला सासरचा, किन्हवली गावातला तो दिवस आठवला.

माझं तिसरं बाळ तापाने फणफणलं होतं. सासूबाईंनी त्याला केराच्या ढिगावर ठेवून परत उचललं. "आता हा केरू. मरणाला केर नको असतो, गो."

ताप बघायला आलेल्या ख्रिस्ती नर्सबाई कळवळल्या. "आमच्या बायबलात मरत्या आईने बाळाचं नाव बेनओनी ठेवलं, म्हणजे माझ्या दुःखाचा मुलगा. बापाने ते बदलून बन्यामीन केलं, उजव्या हाताचा मुलगा. चांगलं नाव ठेवा."

"चांगल्या नावाची दोन गेली, बाय. अजून किती देऊ?" सासूबाई म्हणाल्या.

तेव्हा वाटलं, दोघी भांडतायत. आता कळतं, दोघी एकच मागत होत्या.

संध्याकाळी मी त्याच्या कानाशी केरू आणि बन्यामीन, दोन्ही नावं घेत राहिले. माझ्या बोटावरची त्याची मूठ हळूहळू सैल झाली, ती पुन्हा वळलीच नाही.