झिजलेली जोडवी

नात युनिव्हर्सिटीत दागिने घडवायचं शिकते. सुट्टीत घरी आली, तेव्हा टेबलावर कागद पसरून चांदीचं कडं कानशीनं घासत बसली होती. पडलेला कण न् कण गोळा करून डबीत भरत होती.

वितळवून शिकायला म्हणून मी तिच्या आजीची जोडवी पुढं ठेवली. सरणावर ठेवण्याआधी पायातनं काढलेली. तिनं ती उलटी करून बघितली.

"आबा, खालून पार कागद झालाय. एवढी चांदी गेली कुठं?"

"ह्या फरशीवर. चाळीस वर्षं तुझी आजी माझ्यामागं चालत होती."

"मग मी नाही वितळवणार."

खरं तर फरशीवरपण राहिली नाही. रोज सकाळी ती चांदी तिची तीच झाडून केरात टाकत होती. मी खाटेवर बसून पाय तेवढे वर घ्यायचो.