बोटभर उघडी काच

हे सासरी वाचलं जाईल. सासऱ्यांच्या टेबलावर मराठी मासिकं येतात आणि ते ती शेवटच्या पानापर्यंत वाचतात. म्हणून आधीच सांगून टाकते. पोर्तुगालला आम्ही हॉटेलात राहिलो नव्हतो. बारा दिवस आम्ही गाडीत झोपलो.

गाडी म्हणजे भाड्याची जुनी डिझेल व्हॅन. मागे फळ्यांवर गादी, गादीखाली पाण्याची टाकी, आणि दार उघडलं की बाहेर ओढायची एक छोटी गॅसची शेगडी. नवऱ्याने महिनाभर मोबाइलवर शोधून ती ठरवली होती. हॉटेलात राहून चार दिवसच परवडले असते. व्हॅन घेतली तर समुद्राच्या कडेकडेने उत्तरेकडून दक्षिणेपर्यंत जाता येणार होतं. त्याला या सगळ्याची फार गंमत वाटत होती. त्याच्या घरात कधी कोणी गाडीत झोपलेलं नाही. खंडेराव गेटजवळचं घर, कित्येक पिढ्या झाशीत, आजोबा शिक्षक, वडील बँकेत अधिकारी.

माझे वडील, अण्णा, ड्रायव्हर. फौजेत असताना झाशीजवळच्या बबीन्याला बदली झाली आणि मग ते साताऱ्याकडे परत गेलेच नाहीत. पेन्शनीत आल्यावर मऊरानीपूरच्या मंडीतून धान्याचे ट्रक घेऊन जायचे. महिन्यातले वीस दिवस केबिनमध्येच झोपायचे. त्या ट्रकवर माझं शिक्षण झालं. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि हे मी अजूनही कोणी न विचारता सांगते. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मात्र मी ‘सेवानिवृत्त सैनिक’ लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं. पण फॉर्म भरला त्या दिवशी अण्णा गहू घेऊन कानपूरच्या रस्त्यावर होते.

लग्न ठरलं तेव्हा सासूबाई कोणाला तरी सांगत होत्या, “माणूस फार भला आहे हो. सगळा जन्म गाडीत गेला बिचाऱ्याचा.” त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी तो ‘बिचाऱ्याचा’ मी दहा वर्षं जपून ठेवला.

त्यामुळे घरी व्हॅनचं सांगायचं नाही, हे मीच ठरवलं. नवरा म्हणत होता, सांगून टाकू, हसतील थोडं आणि विषय संपेल. मी ऐकेना तेव्हा म्हणाला, “अगं, तुझ्या अण्णांनी वीस वर्षं हेच केलं. आपण तर पैसे भरून करतोय.” तो चेष्टा करत होता. मी झाशीपासून दिल्लीपर्यंत गाडीत त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. दोन्ही घरी सांगितलं, समुद्राकाठी छान छोटी हॉटेलं आहेत.

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल केला. आधी पाठीमागे चादर ताणून लावली, म्हणजे खोलीचा पडदा वाटावा. सासूबाई म्हणाल्या, खोली लहान आहे पण उबदार दिसते. सासऱ्यांनी भाडं विचारलं, नवऱ्याने एक आकडा ठोकून दिला. मग अण्णांना लावला. ते फोन इतका जवळ धरतात की फक्त कपाळ आणि डोळे दिसतात. जेवणाचं विचारलं, थंडीचं विचारलं. मग माझ्या डोक्याच्या वर कुठेतरी बघत राहिले.

“काच बोटभर उघडी ठेवून झोपत जा बेटा,” ते म्हणाले. “आत घाम धरतो.”

मी म्हटलं, अण्णा, हॉटेलात एसी असतो.

“असेल. तरी.”

मी त्याचा विचार केला नाही. म्हाताऱ्या माणसांना खिडक्यांची काळजी असते, एवढंच वाटलं. पण रोज सकाळी उठलो की व्हॅनच्या काचांवरून पाणी ओघळत असायचं आणि उशी ओली झालेली असायची. चौथ्या रात्री नवऱ्यानेच काच जराशी खाली केली. त्यानंतर आम्ही कोरडे उठलो.

दसऱ्याच्या दिवशी गाडी मी चालवत होते. चूक माझीच होती. डांबरी रस्ता संपला, पुढे घट्ट दिसणारी वाळू होती, आणि त्यापलीकडे मोकळा किनारा, एकही माणूस नाही. नवरा म्हणाला, इथेच थांबव. मी म्हटलं, गाडी कशी चालवायची हे मला शिकवू नकोस. अण्णांनी मला बबीन्याबाहेरच्या माळावर ट्रक शिकवला होता. ही गोष्टही मी सासरी कधी सांगितली नव्हती, पण नवऱ्यासमोर तिचा तोरा मिरवायला मला आवडायचं. पन्नास पावलं गेलो आणि पुढची चाकं बसली. मी ॲक्सिलरेटर दाबला तशी आणखी खाली गेली.

भाड्याने देणाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, रस्ता सोडलात तर जबाबदारी तुमची, क्रेन संध्याकाळपर्यंत येईल. नवऱ्याने तेवढ्यात किनाऱ्याकडे बोट दाखवलं. आदल्या भरतीची ओली रेघ आमच्या गाडीच्याही मागे, रस्त्याच्या बाजूला होती. पाणी अजून लांब होतं, पण ते आमच्याच दिशेने येत होतं.

अण्णांना फोन करायचा म्हणजे सगळं कबूल करायचं. मी पाचेक मिनिटं फोन हातात धरून उभी होते. शेवटी नवरा खाली बसून हातांनी चाकाजवळची वाळू काढायला लागला, तेव्हा मला लाज वाटली आणि मी लावला.

झाशीत साडेचार वाजले असतील. अण्णा सोनं द्यायला माझ्या सासरीच गेले होते, हे मला माहीत नव्हतं. फोन उचलल्याबरोबर मागून सासूबाईंचा आवाज आला, “कोण, सूनबाई का? द्या ना इकडे.” मी घाईघाईने म्हटलं, “अण्णा, वाळूत अडकले.” मग अण्णांचा मोठा आवाज ऐकू आला, “हॉटेलात गरम पाणी येत नाहीये म्हणते. बाहेर जाऊन बोलतो साहेब, इथे रेंज नाही.” अण्णा माझ्या सासऱ्यांना व्याही म्हणत नाहीत. साहेब म्हणतात.

चपलांचा आवाज आला, फाटकाची कडी वाजली. मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, “इंजिनचा जोर पुढच्या चाकांना आहे की मागच्या?”

कुठली गाडी, कोणाची, तू गाडीत काय करतेस, असलं काही नाही. एवढंच.

पुढे त्यांनी जे सांगितलं ते मी करत गेले आणि नवरा माझ्याबरोबर गुडघ्यांवर बसून करत गेला. पुढच्या टायरची हवा काढ, फुगीर दिसेपर्यंत. टाकीतलं पाणी सोडून दे, वजन कमी होईल. चाकांच्या पुढची आणि मागची वाळू हाताने काढ. पायपुसणी, सतरंजी, जे असेल ते चाकाखाली दाब. स्टेअरिंग सरळ ठेव. रिव्हर्समध्ये घे, क्लच अगदी हळू सोड, आणि चाक फिरायला लागलं तर लगेच थांब. “घाई करशील तर गाडी ऐकत नाही,” ते म्हणाले. दुसऱ्या खेपेला गाडी थरथरली आणि मागे सरकली. रस्त्यावर आली तेव्हा नवरा वाळूतच बसून हसत होता. फोन अजून चालू होता.

मी म्हटलं, निघाली अण्णा.

“बरं झालं. हवा भरेपर्यंत हळू चालव.” मग जरा थांबून, “आज दसरा आहे. गाडीच्या पाया पड.”

“अण्णा, तुम्हाला कधी कळलं?”

“पहिल्याच व्हिडिओ कॉलला. छताला गोलाई होती बेटा. खोलीला नसते.” आणि फोन ठेवला. आत वाट बघत असतील, म्हणाले.

मी बोनेटला हात लावून तो कपाळाला लावला. माझ्या चादरीच्या वरून त्यांना सगळं दिसलं होतं, आणि तरी त्यांनी मला फक्त नीट झोपता यावं म्हणून काचेचं सांगितलं होतं. मी उलट त्यांना एसीचं ऐकवलं होतं.

परत आल्यावर रविवारी सासूबाईंनी आम्हा दोघांना आणि अण्णांना जेवायला बोलावलं. मी घरातून निघतानाच ठरवलं होतं की आज सांगायचं. वरणभात झाला, श्रीखंड झालं. सासरे म्हणाले, त्या हॉटेलवाल्यांनी गरम पाण्याचं नीट केलं का शेवटी? मी तोंड उघडलं. माझ्या आधी अण्णाच बोलले. लगेच केलं म्हणे साहेब, परदेशात सर्व्हिस चांगली असते. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी अण्णांच्या पानात आणखी एक पुरी वाढली.

जेवणानंतर त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. ते स्कूटरवर बसले, पण सुरू केली नाही.

“स्टेअरिंग डावीकडे होतं ना? मग गिअर उजव्या हाताने?” त्यांना हसू आलं. क्लच कसा होता, चढावर ओढत होती का, डिझेल किती प्यायची, सगळं विचारलं. मी सांगत गेले. सकाळी मागचं दार उघडलं की झोपल्या झोपल्या समुद्र दिसायचा, हेही सांगितलं.

“मीसुद्धा ट्रकचं मागचं फळकं पाडून झोपायचो,” अण्णा म्हणाले. “उन्हाळ्यात तर केबिनमध्ये कधीच नाही. वारा यायचा. मला आवडायचं ते.”

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं. मी काही म्हणणार तोच मागे चपला वाजल्या. सासूबाई त्यांच्यासाठी श्रीखंडाचा डबा घेऊन येत होत्या.

अण्णांनी त्यांना पाहिलं आणि आवाज जरा मोठा केला. “आणि सकाळी नाश्त्याला काय द्यायचे हॉटेलात?”

“ब्रेड,” मी म्हटलं. “अंडी. फळं.”

“फळंसुद्धा,” अण्णा सासूबाईंना म्हणाले, आणि डबा दोन्ही हातांनी घेतला.