फुवांचे अकरा

राज्यांची नवी वाटणी करायला बसलेल्या मोठ्या मंडळींनी माझ्या फुवांना एकदा जरी विचारलं असतं, तर देशात एकही बदली झाली नसती आणि फुटबॉलचा एकही सामना कुणी जिंकला नसता, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आत्या ही आमच्याकडे फुई. बुऱ्हाणपुरात शनवारा पेठेत फुवांचं कापडाचं दुकान होतं, पण तो त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. खरा धंदा संध्याकाळी ताप्तीकाठच्या मैदानावर, शाळकरी पोरांचा फुटबॉल संघ चालवण्याचा. स्वतः त्यांनी जन्मात चेंडूला पाय लावलेला नव्हता. तरुणपण आखाड्यात गेलेलं, त्यामुळे फुटबॉल ही लांबून खेळायची कुस्ती आहे असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. पोरांनी मैदानात शिरताना माती कपाळाला लावायची, आधी बैठका मारायच्या, मग चेंडू. पोरं त्यांना उस्ताद म्हणत. सामना जिंकला की उस्ताद पाठ थोपटत आणि हरला की मावा जिलेबी खाऊ घालत. आमची पोरं त्यामुळे अंगाने चांगली भरलेली होती. "हरल्यावर कसली जिलेबी?" मी एकदा भर दुकानासमोर विचारलं. फुवा म्हणाले, "अरे राजा, जिंकलेल्याला भूक लागते का? हरलेल्याला लागते."

फुवांचा एक सिद्धान्त होता: संघात अकरा म्हणजे अकरा. बारावा नको. 'राखीव गडी' हे शब्द ते शिवीसारखे उच्चारत. "बारावा काठावर बसला ना, की आतले अकरा खेळणं सोडतात. ते त्याच्याकडे बघतात, तो त्यांच्या पायांकडे बघतो, कधी मुरगळतो म्हणून. ये कोई खेल है?" आता आमच्या बचावात डावीकडे दापोरा गावच्या केळीवाल्यांचा एक पोरगा होता. समोरून कुणी चेंडू घेऊन आला, की हा नम्रपणे बाजूला सरून त्याला वाट देई. लग्नाच्या मांडवात दारापाशी उभा करण्यासारखा मुलगा, बचावात कशाला? मी म्हटलं, त्याला काढा. "काढून ठेवू कुठे?" फुवा म्हणाले, आणि विषय मिटला. माझ्यापुरता तो मिटला नव्हता. त्या दिवसांत बुऱ्हाणपूर महाराष्ट्रात गेलंच पाहिजे म्हणून मी पत्रकं काढत असे. त्याच झपाट्यात आणखी एक काढलं. "राखीव खेळाडू हा प्रत्येक संघाचा हक्क आहे! एका माणसाची मनमानी चालू देणार नाही! नागरिकहो, जाब विचारा!" फुवांनी ते गादीवर बसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. "कागद चांगला लावलास," ते म्हणाले. "उरलेत का आणखी? खण बांधायला बरे पडतील." माझी चळवळ पुढचा आठवडाभर चोळीच्या खणांना गुंडाळून गावातल्या घराघरांत गेली, आणि जाब विचारायला एकही नागरिक आला नाही.

मग राज्यांची वाटणी खरंच झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, राजधानी भोपाळला गेली, आम्ही होतो तिथेच राहिलो. पण कचेऱ्यांमधली माणसं पत्त्यांसारखी पिसायला सुरुवात झाली. कालपर्यंत ज्याचा वरिष्ठ नागपुरात, त्याला आज भोपाळला हजर व्हा म्हणून हुकूम. बायकामुलं, शाळा, म्हातारे आईबाप यांची चौकशी नाही. माणसं म्हणजे फायली नव्हेत, असं मी तेव्हा छापलं होतं आणि आजही म्हणतो. फुवांना माझ्या राजकारणात काडीचा रस नव्हता. "कोणतंही राज्य द्या बाबा," ते म्हणत, "माझे अकरा एका राज्यात ठेवा." पण अकरातल्या निम्म्यांचे बाप सरकारी नोकर. पहिला हुकूम गोलकीच्या, म्हणजे आमच्या गोलरक्षकाच्या, वडलांना आला. फुवा दुकान उघडं टाकून त्यांच्या घरी गेले आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, "बाप न्या. पोरगं ठेवा." घरच्यांना आधी हसू आलं, पण शाळेचं वर्ष मधोमध होतं. संध्याकाळी गोलकी वळकटी घेऊन फुईच्या ओसरीवर हजर. मग जबलपूरचा हुकूम आला, मग आणखी दोन भोपाळचे. फुईच्या घरात गोलकी, एक हाफ आणि दोन फॉरवर्ड राहू लागले. सकाळी मोरीपुढे रांग, दोरीवर नुसत्या चड्ड्या.

"तुम्ही टीम चालवता का खानावळ?" फुई विचारी.

"परीक्षा होईपर्यंत गं."

"कोणाची परीक्षा? माझी तर रोजच चालू आहे."

पण गोलकीच्या भाकरीवर ती तूप जरा जास्त वाढी. बाकीच्यांनी कुरकुर केली तर म्हणे, "बिचारा एकटाच मागे उभा असतो. तुमचं काय, तुम्ही घोळक्यात."

संघ त्या वर्षी खंडव्याच्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत कसा पोचला ते मला आजही सांगता येणार नाही. मी विरोधात असताना पोचला, एवढं खरं. आणि नेमका तेव्हा सदाच्या वडलांना भोपाळचा हुकूम आला. सदा आमचा सेंटर हाफ. त्याच्याकडून चेंडू गेल्याशिवाय आमच्यात कुणालाच काही सुचत नसे. वडील तहसिलीत बडेबाबू म्हणजे हेडक्लार्क, सदा एकुलता एक, आई त्याला मागे ठेवायला तयार नाही. फुवा मला घेऊन तहसिलीत गेले.

"साहेब, सामना होईपर्यंत थांबा," फुवा म्हणाले.

"शेठ, नवं राज्य आहे. मी रुजू झालो नाही तर काम अडेल तिकडे."

"राज्याकडे राखीव गडी असतील की, साहेब. माझ्याकडे नाहीत."

"हा जनतेच्या भावनांचा प्रश्न आहे!" मी म्हणालो.

"तू चूप बैस," दोघे एकदम म्हणाले.

बडेबाबूंनी टेबलावरचे कागद पुढे ओढले. मग फुवा असं काही बोलले, की मला त्यांच्याकडे वळून बघावं लागलं. "मला एकदाच हे अकरा जिंकलेले बघायचेत. सगळे जागेवर असताना. नंतर एकेक जाणारच आहे, ते काय मला कळत नाही?" बडेबाबूंनी शेवटी तोड काढली. सगळं कुटुंब सामानासह खंडव्यापर्यंत येईल, सदा सामना खेळेल आणि तिथूनच संध्याकाळच्या गाडीने भोपाळला जाईल.

सामन्याला बडेबाबू ट्रंकेवर बसले होते. आमची पोरं त्या दिवशी अशी खेळली, की मीसुद्धा चिठ्ठीवर टिपून ठेवलेल्या तक्रारी विसरलो. सदा चेंडू पुढे देई, फॉरवर्ड नेम धरून खांबाच्या आतल्या अंगाला मारत, आणि चेंडू दर वेळी खांबाला घासून बाहेर. एकदा नाही, दोनदा नाही. खंडव्याचा मात्र एक गोल झाला. मध्यंतर होताच फुवा दुकानातला कापड मोजायचा लोखंडी गज घेऊन तरातरा निघाले (गावाबाहेर जाताना ते तो काठीसारखा बरोबर घेत) आणि त्यांनी खंडव्याचा गोल या खांबापासून त्या खांबापर्यंत मोजला. "गोल आखूड आहे!" ते गरजले. "माप मारलंय यांनी!" एवढं मला पुरेसं होतं. मी सोड्याच्या खोक्यावर चढलो आणि खंडव्याच्या दडपशाहीचा धिक्कार सुरू केला. गर्दी जमली. पंचांनी शांतपणे फीत आणवली. गोल नियमाप्रमाणे बरोबर आठ गज भरला.

फुवा आपल्या उजव्या अंगठ्याकडे बघत राहिले. आमच्याकडे कापड मोजताना दर गजाला गिऱ्हाइकासाठी अंगठाभर जास्त सोडायची रीत आहे. त्याशिवाय बाई दुकानातून उठत नाही. फुवांनी ताप्तीकाठचा गोल स्वतः, त्याच हाताने आणि त्याच सवयीने मोजून रोवला होता. आठ गज आणि आठ अंगठे. सगळे मिळून वीतभर. आमच्या फॉरवर्डांनी वर्षभर त्या फुकटच्या कापडात नेम धरायला शिकून घेतलं होतं.

"गिऱ्हाइकाला नाराज करायचं नाही ना," फुवा पुटपुटले. मी खोक्यावरून खाली उतरलो.

उत्तरार्धात ते कडेने धावत ओरडत होते, "आत मारा रे! अंगठाभर आत!" सदाने स्वतः एक मारला, आत गेला. बरोबरी. आमच्याबरोबर आलेली फुई पदर खोचून उभी राहिली. मग अगदी शेवटी खंडव्याचा एक जण चेंडू घेऊन डावीकडून आला, आणि आमच्या दापोऱ्याच्या पोराने बाजूला सरून त्याला वाट दिली.

आम्ही हरलो. "म्हणालो होतो की नाही!" मी फुवांना गाठलं. "एकच चूक केली त्याने," ते म्हणाले. "दर वेळी तीच करतो!" "म्हणजे भरवशाचा आहे," फुवा म्हणाले, आणि त्या रडणाऱ्या पोराला घेऊन जिलेबीचं दुकान शोधायला गेले.

स्टेशनवर बडेबाबूंनी सदाला डब्यात चढवलं. फुवा खिडकीशी उभे राहून त्याला गुडघ्याला तेल चोळायचं कसं ते सांगत होते. गाडी हलली तरी त्यांचा डावा गुडघाच चालला होता, उजवा राहून गेला.

परीक्षा झाल्या आणि फुईची ओसरी रिकामी झाली. दापोऱ्याच्या पोराला त्याच्या बापाने केळीच्या बागेत घातला. नवी पोरं फुवांकडे येत, चांगली खेळणारीही येत. फुवा त्यांना पाणी पाजून परत पाठवत. मी स्पष्ट सांगितलं की हा वेडेपणा आहे, संघ असा टिकत नसतो. त्यांनी ऐकून घेतलं. एका संध्याकाळी मैदानावर गेलो तर चारच पोरं उरली होती, पण चौघंही आपापल्या मूळ जागेवर, एवढ्या मैदानात एकमेकांपासून लांब लांब उभी. चेंडू मोकळ्या जागेत जाई, तिथे कुणी नसे, मग कुणीतरी धावत जाऊन आणी. फुवा कडेला उभे राहून ओरडत होते, "बघून दे! सदाकडे बघून दे!"

मला ते बघवेना. चपला काढल्या, धोतर वर खोचलं आणि मधोमध, सदाच्या जागेवर जाऊन उभा राहिलो.

"ए, तू नाही रे!" फुवा तिथून ओरडले. "तिथे गडी आहे."