हौसाचा कागद

मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५. पहाटेपासून रिपरिप. ब्लड प्रेशर १४८/८६. पावणेआठपर्यंत बया आली नाही, निरोपही नाही. चहाला कालचं दूध वापरलं. साडेदहाला ऋतुराजचा फोन.

सकाळी डायरीत इतकंच लिहून झालं होतं. पुढचं लिहायला संध्याकाळ झाली.

बया म्हणजे बयाबाई. वडणग्याहून राजारामपुरीत आमच्याकडे म्हशीचं दूध घालते, त्याला सदतीस वर्षं झाली. पूर्वी एसटीतून किटली घेऊन यायची, आता मुलाच्या, ऋतुराजच्या मोटारसायकलवर मागे बसून येते. दूध मापून झालं की उंबऱ्यावर टेकते आणि माझं प्रेशरचं यंत्र बघून हसते. "वैनी, तुमचं काळीज यंत्राला इचारून चालतंय व्हय?" आकडा कळला की भीती कमी होते, असं माझं म्हणणं. आकडा कळल्यावरच ती सुरू होते, असं तिचं. हा वाद रोज अर्धवट सोडून ती पुढच्या घरी जाते.

एकदाच मी तिला खरोखर रागावले. सुईला ती फार भिते. कोरोनाची लस घ्यायला तिला तयार करता करता मी थकले, आणि शेवटी तिला अडाणी म्हणाले. मिशनच्या सिस्टरांच्या शाळेत शिकलेली मी, औषधाला भिणं मला समजत नव्हतं. तिने मुकाट्याने लस घेतली आणि तिला काहीही झालं नाही, तेव्हा माझंच खरं ठरलं. बया गप्प बसते तेव्हा काहीतरी कारण असतं, एवढं तरी मला कळायला हवं होतं.

ऋतुराज फोनवर म्हणाला, म्हशीचा खूर पडून आईच्या पायाला जखम झाली होती. तिने आठवडाभर हळद बांधून ती लपवली. काल पाय गुडघ्यापर्यंत सुजला, रात्री ताप चढला, सकाळी दवाखान्यात आणलं, आता ती माणसं ओळखेना. "डॉक्टर इचारत होते, कुठल्या औषधाचा तरास हाय का. न्हाय म्हणून सांगितलंय. आता इंजेक्शन चालू करत्यात, काकू." दूध चुकल्याबद्दल त्याने माफी मागितली आणि फोन ठेवला.

सुईला का भिते, ते बयाने मला कधीतरी सांगितलं होतं. काय सांगितलं, ते आठवेना. आठवलं ते एवढंच, की त्या दिवशी ह्यांच्या पायात खिळा गेला होता. घरी इंजेक्शन द्यायला आलेल्या डॉक्टरांना बघून बया उठून अंगणात गेली होती.

खिळा गेला तो पत्रे बदलताना. पत्रे त्र्याण्णव साली बदलले की चौऱ्याण्णव? कपाटात एकावन्न डायऱ्या आहेत. त्र्याण्णवची पूर्ण चाळली, नाही. पानं एकमेकांना चिकटलेली. दरवेळी घड्याळाकडे नजर जायची आणि वाटायचं, आत्ता टोचलं असेल. चौऱ्याण्णवच्या डायरीत सापडलं.

"गुरुवार, ३ मार्च. ह्यांना धनुर्वाताचं इंजेक्शन. बया म्हणाली, लग्नाआधी तिला शाहूवाडीकडे माहेरी असताना पेनिसिलिन टोचलं होतं. घसा मिटला, तोंड सुजलं, मरता मरता वाचली. डॉक्टरांनी लाल शाईने कागद लिहून दिला. माहेरचं नाव हौसा. दूध दीड लिटर."

ऋतुराजचा फोन लागत होता, पण तो उचलत नव्हता. दवाखान्याच्या नंबरावर एक बाई एक दाबा, दोन दाबा सांगत होती. मी दाबत गेले आणि शेवटी तिने माझ्या संयमाबद्दल आभार मानले. पानात अंगठा घालून तशीच रिक्षात बसले.

दारातला पहारेकरी म्हणाला, "पास असल्याबिगर वर सोडत न्हाय, आजी." मी म्हणाले, मग तुम्ही वर जा आणि डॉक्टरांना खाली आणा, बाई मरते आहे. तो बाजूला झाला.

वर काउंटरवर ऋतुराज भांडत होता. त्याचा फोन आतल्या मुलीच्या हातात होता. नोंदणीचा ओटीपी तासभर येत नव्हता, आणि नोंद झाल्याशिवाय औषध सुटत नव्हतं. इंजेक्शन अजून दिलेलं नव्हतं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी ते पान दोनदा वाचलं. "आजी, पण हे तर हौसाबद्दल आहे. पेशंट बयाबाई आहेत."

"हौसा म्हंजे आईच की," ऋतुराज म्हणाला. "लग्नात नाव बदललं तिचं. आज्जीच्या सासूचं नाव ठेवलं."

त्याची बायको स्नेहल बाकावरून उठून पुढे आली. सकाळी ट्रंकेतून आधार कार्ड काढताना लाल शाईचा एक कागद तिच्या हाताला लागला होता. वर नाव हौसा. कुणा मेलेल्या माणसाचा असेल म्हणून तिने तो पुन्हा तळाशी ठेवला. तिचं स्वतःचं नाव लग्नात बदललेलं नाही.

द्यायचं इंजेक्शन पेनिसिलिनच्याच जातीचं होतं. कॉम्प्युटरवरच्या अर्धवट नोंदीत बयाबाईच्या नावापुढे कसलीच ॲलर्जी नव्हती. मी पुरावा म्हणून आणखी काय दाखवू, असं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "पुरावा नको. शंका पुरे." त्यांनी दुसरं औषध लिहिलं. लग्नाआधीचं नाव कुठे घालायचं, असं मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, तर तसा रकानाच नव्हता. मग मीच पेनाने फाइलवर ठळक लिहिलं: पूर्वीची हौसा.

दुपारी बयाजवळ बसले. अंग भट्टीसारखं तापलं होतं. ती म्हशीला हाका मारत होती. पाय राहील की नाही, हे उद्या संध्याकाळपर्यंत कळेल, असं डॉक्टर म्हणाले. ज्या सुईला भिते म्हणून मी तिला अडाणी म्हटलं, त्या भीतीचं कारण माझ्याच अक्षरात एकतीस वर्षं कपाटात होतं. त्या ओटीपीने वेळ लावला नसता तर मी डायरी घेऊन कुणाकडे गेले असते?

घरी येऊन प्रेशर घेतलं नाही. डायरीत त्या तारखेखाली शेवटी लिहिलं ते एवढंच:

कालचं उरलेलं दूध नासलं. पिशवीचं आणलं नाही.